३ फुटांच्या टँकमध्ये एंजल किती ठेवावेत आणि सोबत कोणते मासे चालतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉलसाठी ३६ × १५ × १८ इंचांचा नवा टँक आणलाय. रविवारी पाणी भरायचं आणि त्याच दिवशी १० एंजल, २० निऑन टेट्रा, ६ गप्पी, २ गोल्डफिश आणि काच चाटायला एक सकर, असं सगळं सोडायचं. चालेल का?

टँक छान निवडलाय. यादी नाही चालणार, आणि रविवार तर अजिबातच नाही.

दुकानात एंजल बघताना आपण फसतो ते आकाराला. पाच रुपयांच्या नाण्याएवढी पिल्लं असतात, एका पिशवीत दहा आरामात मावतात. पण नीट खाऊ-पिऊ घातलं तर वर्षभरात तोच मासा तळहाताएवढा होतो. वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत मोजलं तर २० ते २५ सेंटिमीटर भरतो. म्हणून एंजलच्या टँकची लांबी नंतर बघायची, आधी उंची. तुमची १८ इंच म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. खाली वाळूचे पाच आणि वर मोकळे सोडलेले चार गेले की ३६ उरतात. तेवढं पुरतं. मी सुरुवात केली होती २ × १ × १ फुटाच्या टँकवर, सहा एंजल घेऊन. आठव्या महिन्यात त्यांना धड वळताही येत नव्हतं. तो टँक शेवटी मी गप्पींना देऊन टाकला.

हा मासा मुळात ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, संथ पाण्यातला. पुरात बुडालेल्या झाडांच्या मुळांमधून, उभ्या काड्यांमधून सरकायला सोयीचं म्हणून अंग असं पापडासारखं चपटं, आणि साध्या रुपेरी एंजलवरचे काळे उभे पट्टे त्या काड्यांतच मिसळून जायला. आपल्याला मिळणारे जवळजवळ सगळे एंजल पिढ्यान्पिढ्या टँकमध्येच पैदास झालेले असतात. कोई, मार्बल, काळा, प्लॅटिनम हे सगळे एकाच जातीचे माणसाने निवडून तयार केलेले रंग आहेत. त्यामुळे ॲमेझॉनचं पाणी घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. नळाला धरणाचं पाणी येत असेल तर बहुधा तेच चालतं. बोअरचं जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, तरी हळूहळू सवय केली तर या माशांना जमतं. आरओचं पाणी नुसतं वापरू नका, त्यात क्षारच उरलेले नसतात. आणि शोभेसाठी संगमरवराचे तुकडे किंवा समुद्रावरून आणलेले शिंपले टाकणार असाल तर थांबा, ते हळूहळू विरघळून पाणी आणखी जड करतात.

तुमच्या टँकचं गणित करून टाकू. तिन्ही मापं गुणली की ९,७२० घन इंच, म्हणजे काठोकाठ भरला तर १५९ लिटर. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी १३० ते १३५ लिटर. काच, वाळू, पाणी सगळं धरून वजन पावणेदोनशे ते दोनशे किलोच्या घरात जातं, म्हणजे तीन धडधाकट माणसं चोवीस तास त्या टेबलावर उभी. टीव्हीच्या युनिटवर ठेवायचा विचार असेल तर सोडा. लोखंडी स्टँड करून घ्या आणि टँकखाली थर्माकोलची शीट घाला.

आता रविवार. पाणी भरलं की लगेच मासे सोडता येतात असं दुकानात हमखास सांगतात. माझे पहिले मासे याच सल्ल्याने गेले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दर आठवड्याला पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतात. फिल्टरच्या स्पंजवर त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर फिल्टर आणि हीटर चालू ठेवायचा, रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या पाण्यात टाकायचं आणि वाट बघायची. घरचे वेड्यात काढतील, काढू द्या. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. हे विरजण आहे. ते मिळालं तर काम बरंच लवकर होतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट दिसायला लागलं, की टँक तयार.

तो स्पंज पुढे कधीही नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तुमची सगळी मेहनत मिनिटात मारतो. पाणी बदलताना बादलीत टँकचंच पाणी काढायचं आणि त्यात स्पंज पिळायचा. नवं पाणी भरण्याआधी हायपोचे (क्लोरीन घालवणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे) खडे किंवा दुकानातलं अँटी-क्लोरीन घालायचंच. टँकर येणाऱ्या सोसायटीत तर जास्तच सांभाळा, कुठल्या दिवशी किती क्लोरीन असेल याचा भरवसा नसतो.

आता सोबती कोण, ते बघू.

निऑनपासून सुरू करतो, कारण चूक इथेच होते. एंजल आणि निऑन एकाच टँकमध्ये पोहताना फार सुंदर दिसतात, पहिले सहा महिने. माझ्याकडे बारा निऑन होते. मग अकरा दिसायला लागले, मग नऊ. मी फिल्टर उघडून पाहिला, टँकच्या मागे फरशीवर शोधलं, कुणी उडी मारली असेल म्हणून. एकदा पहाटे पाणी प्यायला उठलो आणि हॉलचा दिवा लावला, तर थोरल्या एंजलच्या तोंडातून निऑनची शेपटी बाहेर. एंजल सिक्लिड कुळातला आहे. तोंडात मावेल ते मासे त्याच्या दृष्टीने खाणंच. शिवाय निऑनला जरा गार पाणी मानवतं आणि एंजलला २६ ते २८ अंश.

गप्पींचंही तेच, त्यांची पिल्लं तर एका घासाची. गोल्डफिश थंड पाण्यातला, घाण भरपूर करणारा आणि दांडगा. त्याला वेगळा टँक द्या किंवा घेऊच नका. टायगर बार्ब तुमच्या यादीत नाहीत, पण दुकानदार आग्रह करेल. ते एंजलचे लांब पर कुरतडून कुरतडून झालर करतात. ब्लॅक विडो टेट्राही कधी कधी तेच धंदे करतो.

सकरचं जरा बोलायला हवं. आपल्या दुकानात दोन इंचांचा मिळणारा साधा सकर ४० सेंटिमीटरच्याही पुढे जातो. मग लोक तो तळ्यात किंवा नदीत नेऊन सोडतात, आणि देशातल्या अनेक जलाशयांत तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन डोकेदुखी झालाय. तुम्हाला काच साफ करणाराच हवा असेल तर ब्रिसलनोज ही सकरची छोटी जात मागा. तो १२-१५ सेंटिमीटरवर थांबतो. सकर म्हणून काहीही पिशवीत घालून देतात, घेताना विचारून घ्या. तसंही शेवाळाचं खरं कारण दिवा जास्त वेळ चालू असणं हे असतं. सात-आठ तास पुरे.

मी तुमच्या जागी असतो तर सुरुवातीला १० रमीनोज टेट्रा किंवा ८ लेमन टेट्रा, ६ कॉरी (तळाशी फिरणारे छोटे मिशाळ मासे) आणि १ ब्रिसलनोज सोडले असते. कॉरींना बारीक वाळू लागते, टोकदार खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतात. हे मासे स्थिरावले, महिना झाला, की मग एंजल आणायचे, पिल्लंच, आणि तीही पाच. टेट्रा पूर्ण वाढलेले आणि एंजल लहान, अशी सुरुवात झाली की एंजलला ते खाणं वाटत नाहीत.

पाचच का, आणि पाच वाढल्यावर काय? यातच खरी गंमत आहे. एंजलचा नर-मादी लहानपणी ओळखता येत नाही, दुकानदारालाही नाही. पाच एकत्र वाढवले की त्यातून जोडी आपली आपण लागते. साधारण वर्षाच्या आत एक दिवस दिसतं की दोन मासे टँकचा एक कोपरा धरून बसलेत आणि बाकी तिघांना जवळ फिरकू देत नाहीत. त्या दिवसापासून तिघांचे हाल. त्यांना दुसरं घर शोधायचं काम तेव्हा सुरू करायचं नाही, ते आधीच ठरवून ठेवायचं: ओळखीतला कोणी, किंवा परत घेणारा दुकानदार. तुमच्या टँकमध्ये मोठे एंजल म्हणजे एक जोडी. जोडी लागलीच नाही तर फार तर चार, तेही उंच लाकूड आणि दाट झाडं लावून एकमेकांच्या नजरेआड राहता येईल अशी सोय असेल तर. वॅलिसनेरिया त्यासाठी उत्तम, भराभर वाढते. ॲमेझॉन स्वोर्डची रुंद पानं अंड्यांसाठी उपयोगी पडतात, पण माझ्या जोडीने पान सोडून कायम फिल्टरचा पाइपच पसंत केला.

त्या जोडीने सहा वेळा अंडी घातली. दर वेळी दोघे मिळून पाइप साफ करत, अंड्यांवर परांनी वारा घालत, आणि दोन दिवसांत अंडी पांढरी पडत. सासूबाई रोज विचारायच्या, "झालं का बाळंतपण?" मी पाणी तपासलं, हीटर बदलला, औषध घातलं. शेवटी एका जुन्या जाणत्या माणसाने टँकसमोर पाच मिनिटं बसून सांगितलं की तुमच्या दोन्ही माद्या आहेत. अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली एक बारीक नळी दिसते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. माझ्या दोघींची जाड होती. माद्याही अशा जोड्या लावतात.

खरी जोडी असली तर २७-२८ अंशांना अडीच-तीन दिवसांत अंडी फुटतात, आणि पिल्लं पोहायला लागायला आणखी पाचेक दिवस. पहिल्या दोन-तीन खेपांना आईबापच अंडी खाऊन टाकतात, त्याला घाबरू नका.

हीटर १५० वॉटचा घ्या. नाशिकच्या थंडीत तो लागतोच. फिल्टरचा झोत मात्र मंद ठेवा, नाहीतर एंजल दिवसभर प्रवाहाशी झगडत राहतात. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. गावाला गेलात तर शेजाऱ्यांवर खाणं सोपवू नका. एका गणपतीत आम्ही कोकणात गेलो असताना आमच्या प्रेमळ शेजाऱ्यांनी पाच दिवसांत अख्खा डबा संपवला होता. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहून काही होत नाही.

दुकानदाराला पैसे देऊन ठेवले असतील तर त्याच पैशांत टेस्ट किट आणि चांगला स्पंज फिल्टर मागा. टेट्रा आणि कॉरी सहा आठवड्यांनी आणायला जा, एंजल त्यानंतर महिन्याने.