फूट, बंड, उठाव, गद्दारी: तटस्थ शब्द कोणता?

प्रश्न असा आहे: जून २०२२मध्ये शिवसेनेत जे घडले त्याला कोणी बंड म्हणते, कोणी उठाव, कोणी गद्दारी, कोणी फूट. बातमीत कोणता शब्द वापरला तर बाजू घेतल्यासारखे होणार नाही?

आधी वाद नसलेला भाग. एकनाथ शिंदे यांच्यासह पक्षाच्या ५५पैकी ४० आमदारांनी उद्धव ठाकरे यांची साथ सोडली आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. हा तपशील सगळीकडे सारखाच छापला गेला. भांडण आहे ते त्याला दिलेल्या नावाचे.

'बंड' म्हटले की अधिकार वरच्याचा आणि मोडणारा हाताखालचा, हे आधीच ठरून जाते. निवडणुकीच्या बातम्यांत मात्र हा शब्द बराच मवाळ झाला आहे. तिकीट नाकारल्यावर अपक्ष अर्ज भरणारा तो बंडखोर, आणि अर्ज मागे घेतला की 'बंडोबा थंडोबा झाले'. 'उठाव'चा रोख उलटा. उठाव जाचाविरुद्ध होतो, त्यामुळे जाच होता हे शब्दातच मान्य केलेले असते. १८५७चे 'शिपायांचे बंड' पुढे मराठी लेखनात 'उठाव' झाले ते याच कारणाने, आणि शिंदे यांच्या बाजूचे नेते 'बंड नव्हे, उठाव' असा आग्रह धरतात तेही याच कारणाने.

'गद्दार' हा तर सरळ निवाडा आहे. 'सामना' हे ठाकरे यांच्याकडे राहिलेले मुखपत्र तो शब्द वापरते. मुखपत्राने बाजू घ्यावी हे उघडच आहे. घोटाळा होतो तो स्वतःला तटस्थ म्हणवणारे वृत्तपत्र तोच शब्द अवतरणचिन्हाशिवाय मथळ्यात घेते तेव्हा. (१८५७ला हिंदी-उर्दूत 'गदर' म्हणतात. 'गद्दार' त्याच अरबी धातूपासून आला आहे. एका धातूतून एक अभिमानाचा शब्द निघाला, दुसरा शिवीचा.)

उरली 'फूट'. ही निरुपद्रवी वाटते, पण इथे व्याकरण बारकाईने पाहायला हवे. 'पक्ष फुटला', 'फूट पडली' यांत कर्ताच नाही. भांडे आपोआप तडकावे तसे. 'पक्ष फोडला', 'फूट पाडली' यांत कर्ता लागतोच आणि तो बहुधा पक्षाबाहेरचा असतो. एका अकर्मक-सकर्मक जोडीवर जबाबदारी कोणाची हे ठरून जाते. म्हणून 'फोडला' लिहायचे तर 'कोणी' हे नाव आणि 'असा आरोप अमुक यांनी केला' ही जोड हवीच. रोज एकच वृत्तपत्र वाचणाऱ्याच्या डोक्यात 'फुटला' किंवा 'फोडला' यांपैकी एकच क्रियापद घर करते, आणि पुढे तेच त्याला वस्तुस्थिती वाटू लागते.

न्यायालयीन बातमीत 'फूट' आणखी जपून वापरावी. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार वेगळे झाले तर त्याला 'फूट' मानून अपात्रतेपासून संरक्षण होते. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती तरतूद वगळली. तिथे 'फूट' हा बचावाचा मुद्दा होता, नुसते वर्णन नव्हे. 'पक्षांतर'ही निकालाआधी चालणार नाही, कारण 'पक्ष आम्हीच' हेच तर शिंदे यांच्या बाजूचे म्हणणे होते.

माझे मत: नाम टाळा, क्रियापदाने लिहा. '४० आमदार ठाकरे यांच्यापासून वेगळे झाले.' यात संख्या आहे, कर्ता आहे, निवाडा नाही. मथळ्यात जागा कमी असेल तर 'फूट पडली' चालेल, पण कोण बाहेर पडले ते पहिल्याच वाक्यात सांगा.

नावांचेही तसेच. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी 'शिवसेना' हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिले. त्या तारखेनंतरच्या बातमीत अधिकृत नावे 'शिवसेना' आणि 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)'. 'उबाठा' हे दुसऱ्या नावाच्या आद्याक्षरांवरून झाले असले तरी बोलताना ते हिणवण्यासाठीच जास्त येते. 'मिंधे' तर उघड कोटी आहे. दोन्ही अवतरणातच शोभतात.

शेवटी बातमीतली क्रियापदे तपासा. आपल्या आवडत्या नेत्याने 'स्पष्ट केले' आणि विरोधकाने 'दावा केला' असे झाले आहे का? दोन्ही नावांची अदलाबदल करून वाक्य वाचा. ते खटकले तर दोन्हीकडे 'म्हणाले' लिहा.