गाडी सुटतेय आणि बॅग आवरत नाही

प्रश्न : माझं वय ५१. आई ८२ वर्षांची, दीड वर्ष अंथरुणावर आहे, माझ्याकडेच असते. अलीकडे पहाटे सारखं एकच स्वप्न पडतं. आई गाडीत खिडकीशी शांत बसलेली, मी फलाटावर. माझी बॅग उघडी. तिचा चष्मा, गोळ्यांचे डबे, रिपोर्टांची फाइल बाहेर पडतेय; एक उचलावं तर दुसरं खाली. गाडी हलते. धावायला जातो तर पाय उचलत नाहीत. लोक बघत असतात. लाज वाटून जाग येते, छाती धडधडत असते. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. आई जाणार याची ही सूचना आहे का? धाकट्या भावाला हे सांगितलेलं नाही. तो फोनवर विचारतो, मी ‘सगळं व्यवस्थित’ म्हणतो. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून झोपही तुटक आहे.

उत्तर : नाही, सूचना नाही. झोपेत एका टप्प्यात मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५३ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात आणि रात्र सरेल तसा तो लांबत जातो. म्हणून पहाटे स्वप्नं जास्त, आणि त्यातूनच जाग आली की ती लक्षातही राहतात. पायांचं कोडंही बहुधा इथेच सुटतं. या टप्प्यात मेंदू हातापायांचे स्नायू जवळजवळ बंद ठेवतो, नाहीतर आपण अंथरुणातच धावत सुटलो असतो. स्वप्नांचे अर्थ सांगणारी मंडळी या पायांवर पानंच्या पानं लिहितात. मी ते सोडून देते.

बॅग मात्र सोडवत नाही. अर्नेस्ट हार्टमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी अशी उदाहरणं नोंदवली आहेत, की आगीतून वाचलेल्या माणसाला स्वप्नात आग न दिसता अंगावर येणारी प्रचंड लाट दिसते. प्रसंग बदलतो, भावना तीच राहते. म्हणून चित्राचा अर्थ लावण्याआधी मी विचारते, जाग आली तेव्हा काय वाटत होतं? तुम्ही लिहिलंय, लाज. आई दुरावण्याचंच स्वप्न असतं तर रडू आलं असतं, पोटात खड्डा पडला असता. लाज वाटते ती कमी पडताना कोणी पाहिलं तर. आई तर शांत बसली आहे, तिची काहीच तक्रार नाही. बघणारे फलाटावरचे लोक आहेत. बॅग तुमची, पण तिच्यातून पडणारी एकही वस्तू तुमची नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

आणखी एक शक्यता आहे, रागावू नका. एकदाची सुटू दे गाडी, असं कुठेतरी वाटत असेल. दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या पुष्कळांच्या मनात हा विचार येतो आणि बहुतेक जण तो स्वतःपासूनही लपवतात. तो थकव्यातून येतो. त्यावरून आईवरची तुमची माया मोजू नका. तुमच्या बाबतीत तसं नसेल तर हा परिच्छेद विसरून जा. स्वप्न तुमचं आहे, शेवटचा शब्दही तुमचाच.

भावाला स्वप्न नाही सांगितलं तरी चालेल. पण ‘व्यवस्थित’ म्हणणं थांबवा. ‘कधीतरी येऊन जा’ असं मोघम बोलू नका. रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या वेळा तू बघायच्या, असं एक ठरावीक काम त्याच्याकडे द्या. तो कुरकुरेल, कुरकुरू दे.

स्वप्न तरीही येत राहिलं तर दिवसा, पूर्ण जागेपणी, त्याचा शेवट बदलून लिहा. कोणीतरी बॅगेची दुसरी बाजू धरली, किंवा तुम्ही ती तिथेच टाकून डब्यात चढलात. पटेल तो शेवट निवडा आणि रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणा. वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांवर मानसोपचारात ही पद्धत वापरतात.

आणि ती गोळी. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातल्या काही औषधांनी काही जणांची झोप बिघडते, भयानक स्वप्नंही पडतात. तुमची गोळी त्या गटातली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. ही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं.