एलईडी पाटी: मल्टिप्लेक्स की थेट?

प्रश्न: पेट्रोल पंपावर दराच्या पाटीसाठी पाच मोठे आकडे करायचे आहेत. मल्टिप्लेक्स केलं (सगळे आकडे सतत न लावता भराभर एकामागून एक उजळवले) तर आयसी वाचतील ना?

वाचतील, पण इथे वाचवू नका. दर बदललाच तर दिवसातून एकदा, आणि पाटी भर उन्हात वाचता यायला हवी. पाच आकडे मल्टिप्लेक्स केले की प्रत्येकाच्या वाट्याला एक पंचमांश वेळ येतो. तेवढाच उजेड हवा तर त्या क्षणी पाचपट करंट लागतो. थेट जोडणीत, म्हणजे सगळे आकडे सतत चालू ठेवून, प्रत्येक आकड्याला एक टीपीआयसी६बी५९५ (आठ आउटपुटची, जास्त करंट पेलणारी आयसी), बस. १२ व्होल्टवर एकापाठोपाठ पाच लाल एलईडी आणि १५० ओमचा रेझिस्टर अशी माळ केली की सुमारे १३ मिलिअँपिअर वाहतात. सेगमेंटला (आकड्याच्या एका पट्टीला) तीन माळा धरल्या तर ४० मिलिअँपिअर, आणि आयसीचा प्रत्येक आउटपुट १५० मिलिअँपिअर पेलतो. रेझिस्टर मात्र प्रत्येक माळेला वेगळा. तिघींत एकच घातला तर कमी व्होल्टेजची माळ जास्त करंट ओढते आणि तीच आधी जाते.

प्रश्न: ८ ओळी, ६४ स्तंभांची सरकत्या अक्षरांची पाटी ७४एचसी५९५ (आठ आउटपुटची साधी आयसी) वर केली. ओळ भरली की मंद होते, आयसी तापतात.

५१२ एलईडी थेट चालवायला ६४ आयसी लागल्या असत्या, त्यामुळे मल्टिप्लेक्सची निवड योग्यच आहे. चुकला तो करंटचा हिशेब. सरासरी ५ मिलिअँपिअर हवे तर आठव्या हिश्शाच्या वेळात ४० द्यावे लागतात. आठ आउटपुट मिळून एका आयसीतून ३२० जातात. तिची एकूण मर्यादा ७० आहे. पूर्ण ओळीला २.५६ अँपिअर लागतात, ते बीसी५५७ सारख्या छोट्या ट्रान्झिस्टरच्या आवाक्याबाहेरचे. स्तंभांना टीपीआयसी६बी५९५ आणि ओळींना लॉजिक लेव्हलचा (कमी व्होल्टेजच्या सिग्नलवरच पूर्ण चालू होणारा) पी-चॅनल मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर, घ्या. एलईडीला ४० चा पल्स चालतो का, हे डेटाशीटमध्ये पाहा. वॉचडॉग (अडकलेला प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू करणारा टायमर) हवाच: प्रोग्राम अडकला तर एकाच ओळीतल्या प्रत्येक एलईडीतून ४० मिलिअँपिअर सतत वाहतात आणि ती जळते.

प्रश्न: मोबाइलच्या व्हिडिओत पाटीवर काळे पट्टे येतात.

स्कॅनचा वेग (सगळ्या ओळी सेकंदात किती वेळा उजळून होतात तो) कमी आहे. डोळ्याला १०० हर्ट्‌झ पुरतात, कॅमेऱ्याला नाही. ४०० च्या वर न्या.

प्रश्न: अक्षरांची पुसट सावली शेजारच्या ओळीत दिसते.

आधी सावली कुठे पडते ते बघा. पुढच्या ओळीचा मजकूर आधीच्या ओळीत दिसत असेल, तर ओळीचा मॉस्फेट उशिरा बंद होतोय. गेटचा (मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या पायाचा) १० किलोओम पुलअप रेझिस्टर काढून १ किलोओम लावा. आधीचा मजकूर पुढच्या ओळीत दिसत असेल, तर लॅच (आयसीत भरलेला नवा मजकूर आउटपुटवर आणणं) उशिरा होतोय. क्रम असा ठेवा: आउटपुट एनेबल (आयसीचे सगळे आउटपुट चालू-बंद करणारा पाय) बंद, लॅच, ओळ बदल, ५ ते १० मायक्रोसेकंद थांबा, मग आउटपुट चालू.