जर्मन माणूस वेळ पाळतो, जर्मन गाडी पाळत नाही

तुम्ही विचारलंय की जर्मन लोक घड्याळाच्या काट्यावर चालतात असं सगळे म्हणतात, तर शिकायला तिकडे जाताना हे आजही खरं धरायचं का. माणसांच्या बाबतीत बऱ्यापैकी धरा. रेल्वेच्या बाबतीत अजिबात धरू नका, कारण तिथेच नवखा विद्यार्थी पहिल्यांदा फसतो.

डॉइच बान या जर्मनीच्या सरकारी रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ समजतात आणि रद्द झालेली गाडी हिशेबात घेतच नाहीत. शेजारचं स्वित्झर्लंड तीन मिनिटांचा निकष लावतं, तरी आकडा नव्वदीच्या वर असतो. म्हणूनच फार उशिरा आलेली जर्मन गाडी स्विस लोक कधीकधी सीमेवरच्या बाझेल शहरातच थांबवतात आणि पुढे आपली गाडी सोडतात. यात जर्मनांचा स्वभाव बिघडला असं काही नाही. वर्षानुवर्षं रुळांवर पुरेसा पैसा खर्च झाला नाही, सिग्नलच्या काही केबिन तर शंभर वर्षांहून जुन्या आहेत, आणि कोलोन, फ्रँकफर्टसारख्या जंक्शनांवर क्षमतेपेक्षा जास्त गाड्या कोंबलेल्या असतात. एक गाडी अडकली की मागच्या सगळ्या अडकतात.

तेव्हा गाडी बदलायची असेल तर मध्ये किमान अर्धा-पाऊण तास ठेवा. ॲप सात मिनिटांची जोडगाडी दाखवेल, ती घेऊ नका. विमान गाठायचं असेल तर एक गाडी आधीची पकडा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली, तर भुर्दंड सहसा तुमच्याच माथी. एका तिकिटावर शेवटच्या स्टेशनला पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ठरावीक गाडीचं बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, १२० मिनिटांना ५० टक्के परत मिळतात. पण अर्ज तुम्हालाच करावा लागतो.

‘राष्ट्राचा स्वभाव’ या कल्पनेवरच माझा विश्वास नाही. २००५ मध्ये ४९ संस्कृतींची पाहणी प्रसिद्ध झाली. लोक आपल्या देशातला ‘नमुनेदार माणूस’ जसा रंगवतात आणि तिथल्या माणसांचे स्वभाव मोजल्यावर जी सरासरी निघते, त्यांचा मेळ बसला नाही. जर्मनीत तर १ एप्रिल १८९३ पर्यंत देशभर एक कायदेशीर वेळसुद्धा नव्हती. वेळ पाळणं हा तिथला शिष्टाचार आहे, आणि शिष्टाचार शिकता येतो.

डॉक्टर, परदेशी नागरिक कार्यालय, प्राध्यापक, सगळीकडे आधी वेळ घ्यावी लागते. पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी फोन किंवा मेसेज करा. न कळवता चुकवलेल्या भेटीचे पैसे काही दवाखाने मागतात. घरी जेवायला बोलावलं असेल तर सांगितलेल्या वेळी बेल वाजवा. दहा मिनिटं आधी गेलात तर यजमान अवघडतो. विद्यापीठाच्या वेळापत्रकात ‘१० सी.टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर बरोबर दहाला.

आणि मराठी माणसाची हमखास होणारी चूक: ‘हाल्ब आख्ट’. शब्दशः ‘अर्धा आठ’, म्हणून आपण साडेआठ समजतो. जर्मन माणूस आठकडे जाताना अर्धं अंतर झालं असं मोजतो, म्हणजे साडेसात. तोंडी वेळ ठरली की लगेच ‘१९:३०?’ असं लिहून विचारा आणि होकार घ्या.