वाचक विचारतात : बरगंडीतील तीन दिवस

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता फ्रान्समधील बरगंडीत तीन दिवस राहणार आहोत. वाइनची जाण बेताचीच, आणि पत्नी शाकाहारी आहे. काय पाहावे?

उत्तर : मुक्काम बोन या गावी ठेवावा. तेथील ओतेल-दियू हे रुग्णालय निकोला रोलँ व त्यांच्या पत्नीने १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी स्थापन केले; त्याला दान मिळालेल्या द्राक्षमळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला असून, आता तो नोव्हेंबरमध्ये भरतो, म्हणजे तुमचा तो थोडक्यात हुकणार.

एक दिवस क्लो द वुजोला द्यावा. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी बाराव्या शतकापासून जोपासलेला, तटबंदीतला सुमारे ५० हेक्टरांचा हा मळा फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त होऊन विकला गेला आणि आज तो सुमारे ८० मालकांत विभागलेला आहे; त्यामुळे बाटलीवर मळ्याचे नाव एकच असले तरी चव उत्पादकागणिक बदलते. माझ्या मते, बरगंडी समजून घेण्याचा हाच सर्वांत सोपा धडा.

जेवणात गुजेर, म्हणजे चीज घालून भाजलेले फुगीर गोळे, अंडे चालत असेल तर पत्नीला चालावेत. मात्र एपवास या उग्र वासाच्या चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) असते, तेव्हा इतर चीजबाबतही आधी विचारून घ्यावे.