मणक्याच्या ऑपरेशननंतर नसेभोवती होणारा व्रण टाळता येतो का?

आपल्या वडिलांच्या एल४-एल५ मधील, म्हणजे कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील, सरकलेल्या गादीचे (डिस्कचे) ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे आणि नंतर नसेभोवती (मज्जातंतूभोवती) स्कार टिश्यू, म्हणजे आतला व्रण, होऊ नये म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर अनेक वर्षे उभे राहिल्यावर माझेही हेच ऑपरेशन झाले, तेवढाच माझा अधिकार.

व्रण पूर्णपणे टळत नाही, कारण जखम भरते तीच मुळी त्या तंतूंनी. तो नसेच्या मुळाला चिकटला, तर पाय उचलताना काही मिलिमीटर सरकणारी नस अडकते आणि कळ येते. पण व्रण मोठा असूनही न दुखणारी माणसे असतात. साठलेल्या रक्तातून व्रण वाढतो, म्हणून रक्तस्राव नीट थांबवणे आणि हाड गरजेपुरतेच काढणे, हे सर्जनच्या हाती असते. नसेवर चरबीचा तुकडा किंवा जेल ठेवण्याचे प्रयोगही झाले, परंतु खात्रीचा उपाय अजून कोणताच ठरलेला नाही.

आपल्या हाती उरते ती हालचाल. घरची मंडळी मला महिनाभर पलंगावरून उठू देणार नव्हती. फिजिओथेरपिस्टने मात्र दुसऱ्याच दिवशी चालवले आणि पुढे रंकाळ्याच्या काठाने रोज थोडे थोडे अंतर वाढवायला लावले. सर्जनची परवानगी मिळाल्यावर नस सरकती ठेवण्याचा व्यायाम सुरू झाला: उताणे झोपून, मांडी उभी धरून, गुडघा हळूहळू सरळ करायचा आणि मुंग्या वाढण्याआधीच परत वाकवायचा. (जोर लावून ताणल्यास नस उलट चिडते, तो शहाणपणा मी करून पाहिला आहे.) वडील विडी ओढत असतील तर ती आजच बंद करावी आणि मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी, कारण दोन्हींमुळे जखम नीट भरत नाही.

तिसऱ्या महिन्यात माझी कळ परत आली. तेव्हा गॅडोलिनियमचे (एमआरआयच्या चित्रात फरक उठून दिसावा म्हणून देतात त्या द्रव्याचे) इंजेक्शन देऊन एमआरआय केला. व्रणात रक्तवाहिन्या असल्याने तो उजळतो, नव्याने सरकलेली गादी सुरुवातीच्या चित्रांत उजळत नाही. मूत्रपिंडे कमजोर असतील तर हे आधी सांगावे लागते. माझा निव्वळ व्रण निघाला. तो काढायला पुन्हा उघडले की नवा व्रण होतोच, म्हणून सर्जननी नकार दिला आणि व्यायामानेच कळ पुष्कळ कमी झाली. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातील ताकद गेली, तर वडिलांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.