बेतलेलं, ढापलेलं आणि अस्सल

एका वाचकाने विचारलं आहे: “चित्रपटाच्या परीक्षणात ‘अमुक चित्रपटावर बेतलेला’ असं लिहितात. ढापलं म्हणायच्या ऐवजी वापरायचा हा सभ्य शब्द आहे का? बेतलेला, आधारित, रूपांतरित यांत फरक काय? आणि कथानकच दुसऱ्याचं असेल, तर अशा चित्रपटाला ‘अस्सल मराठी’ म्हणणं चूक नाही का?”

मला यातला ‘बेतलेला’ सगळ्यात जवळचा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझी आत्या घरी शिवणकाम करायची. कापड आलं की ते जमिनीवर पसरायची, मापांची वही शेजारी उघडी ठेवायची आणि निळा खडू घेऊन रेघा मारायला बसायची. गळा, खांदा, मुंढा, छाती, कंबर. तेवढ्या वेळात तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असा घरातला नियम होता. “शिवण चुकली तर उसवता येते, बेतणं चुकलं तर कापड गेलं,” असं ती म्हणायची. बेतणे ते हे. अंगाचं माप कापडावर उतरवणं आणि त्या मापाने कापणं. हिंदीत ‘ब्योंतना’ आहे, त्याचाही अर्थ मापाने कपडा कापणं असाच. जेवणाचा बेत, लग्नाचा बेत, बेताची परिस्थिती, बेताने खर्च करणं, या सगळ्यांत मापाचा तोच हिशेब आहे. (‘जिवावर बेतणे’ वेगळ्या वाटेने गेलं आहे, त्यात आज शिरत नाही.)

तेव्हा ‘बेतलेला’ म्हणताना आपण कापड दुसऱ्याच्या दुकानातलं आहे हे उघड मान्य करतो. शिंप्याला कोणी विचारत नाही की कापड तू विणलंस का. विचारतात ते एवढंच की अंगावर बसलं का. त्यामुळे हा शब्द चोरीवर पांघरूण घालतो असं मला वाटत नाही. उलट कारागिराला कुठे जोखायचं ते तो नेमकं दाखवतो.

‘आधारित’ हा कोरडा शब्द आहे, करारनाम्यात आणि श्रेयनामावलीत शोभतो. ‘रूपांतर’ आपल्याला नाटकवाल्यांनी दिला. भाषांतरात भाषा बदलते, माणसं आणि गाव तेच राहतात. रूपांतरात माणसांची नावं, घरं, नाती, सणवार सगळं इथलं होतं. आता ‘रीमेक’ सर्रास चालतो. त्याला माझी हरकत नाही, फक्त त्या शब्दातून किती बदललं ते काहीच कळत नाही.

आता ‘अस्सल’. प्रश्नातली खरी गाठ इथे आहे, कारण विचारताना मनात ‘ओरिजिनल’ हा शब्द आहे आणि त्याच्या जागी ‘अस्सल’ ठेवला गेला आहे. मूळ अरबी ‘अस्ल’ म्हणजे मूळ, उगम. ‘नक्कल’ही अरबीच, तिकडे ‘नक्ल’चा अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, उतरवून घेणं. इतिहाससंशोधक अजून या जोडीने बोलतात: हे पत्र अस्सल, ही त्याची नक्कल. कागदाच्या बाबतीत अस्सल एकच असतो. पण मराठीने हा शब्द दप्तराबाहेर काढला आणि त्याला दुसरा अर्थ दिला. अस्सल तूप, अस्सल कोल्हापुरी तांबडा रस्सा, अस्सल गावरान शिवी. तांबडा रस्सा पहिल्यांदा कोणी केला हे तिथे कोणी विचारत नाही. त्यातली मिरचीसुद्धा पोर्तुगिजांच्या जहाजातून आलेली, तिचं मूळ अमेरिकेत. तरी रस्सा अस्सल, कारण त्यात भेसळ नाही आणि तो जसा असायला हवा तसा आहे.

म्हणजे जिथे ‘ओरिजिनल’ एकटा काम करतो तिथे मराठीकडे तीन शब्द आहेत. सगळ्यांत आधीचं ते मूळ. कोणाच्या आधाराशिवाय उभं राहिलेलं ते स्वतंत्र. आणि स्वतःच्या मातीशी, जिभेशी खरं असलेलं ते अस्सल. एखादी कलाकृती मूळ नसते, स्वतंत्रही नसते, आणि तरी अस्सल असते.

उदाहरण सगळ्यांच्या पाठातलं घेतो. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला. त्याचं कथानक १९६६च्या हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेलं, आणि त्याच्या मागे १९५५चा बंगाली ‘जय माँ काली बोर्डिंग’. भाड्याने जागा मिळत नाही म्हणून मित्रांपैकी दोघांनी बायका व्हायचं, हे बीज बंगालीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत आलं. बीज आपलं नाही, यात वाद नाही.

पण धनंजय माने बायकोच्या वेषातल्या परशाची ओळख करून देताना “हा माझा बायको पार्वती” म्हणून जातो, ते वाक्य व्याकरणाच्या अंगाने बघा. बरोबर वाक्य ‘ही माझी बायको’. घसरल्यावर ‘ही’चा ‘हा’ झाला, ‘माझी’चं ‘माझा’ झालं आणि ‘बायको’ तशीच राहिली. दोन पुल्लिंगी शब्द आणि त्यांच्यापुढे एक बायको. हिंदीत ‘यह’ला लिंगच नाही, ‘यह मेरा बीवी’ म्हटलं तर घसरण एका शब्दाची, आणि हिंदी नीट न येणारे कितीतरी लोक तसं बोलतातच, तेव्हा त्यात भांडं फुटल्याचा आवाज येत नाही. बंगालीत तर ‘ए आमार बउ’. तिथे सर्वनामालाही लिंग नाही आणि ‘आमार’लाही नाही, तेव्हा घसरायला जागाच नाही. ज्या भाषेत ही गोष्ट जन्मली त्या भाषेत हा विनोद होऊच शकत नव्हता. तो मराठीच्या लिंगव्यवस्थेतून उगवला आहे, आणि शाळेत आपल्याला छळणारी ती व्यवस्था इथे नटाच्या मदतीला धावून आली आहे.

दुसरा नमुना त्याच चित्रपटातला. औषधासाठी घरमालक सरपोतदारांनी दिलेले सत्तर रुपये ‘वारले’. मराठीत माणसं वारतात, आणि तीही आदराने ज्यांच्याबद्दल बोलायचं अशी. जनावरं मरतात, रुग्ण दगावतात, पैसे बुडतात. ‘सत्तर रुपये बुडाले’ ही तक्रार झाली. ‘वारले’ म्हटल्याबरोबर पैशांना वय, प्रतिष्ठा, नातेवाईक, सगळं आलं, आणि समोरच्या घरमालकाला रागवायच्या ऐवजी दुखवटा पाळायची वेळ आली. एका क्रियापदाची जागा बदलली, बस. वसंत सबनीसांच्या लेखणीचं हे काम. कथानक ज्याचं असेल त्याचं असो, हे क्रियापद तिथे बसवणं म्हणजे मुंढा बरोबर बेतणं आहे.

याच कारणासाठी मला ‘मोरूची मावशी’चं कौतुक वाटतं. अत्र्यांनी ते नाटक ब्रँडन थॉमसच्या १८९२च्या इंग्रजी प्रहसनावरून घेतलं. इंग्रजीत लुगड्यातला असो की झग्यातला, पुरुष स्वतःबद्दल बोलताना सुरक्षित असतो. तिथल्या ‘मी आलो’ आणि ‘मी आले’त फरक नसतो. मराठीत मावशी झालेल्या माणसाला जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी सावध राहावं लागतं. आलो की आले, जातो की जाते, बसलो की बसले. नाटक मराठीत आणलं आणि पात्राच्या पायाखाली दर वाक्याला एक नवा सुरुंग आपोआप पेरला गेला. तो वापरून घ्यायला मात्र भाषा मुरलेली लागते.

मागे गेलं तर देवल आहेतच. ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आलं. मोलिएरचं फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं इंग्रजी, त्यावरून देवल. दोनदा बेतलेलं कापड त्यांच्या हाती आलं. त्यांनी माणसांना नावं दिली फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या, कृत्तिका, रेवती. अख्खं पंचांग रंगमंचावर आणलं. शंभर वर्षं झाली, फाल्गुनराव कोणाला परका वाटत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण सगळंच बेतलेलं अंगावर बसत नाही. ‘सैराट’ (२०१६) करमाळ्याकडच्या मातीचा, तिथल्या बोलीचा आणि तिथल्या जातीच्या उतरंडीचा. ‘धडक’मध्ये (२०१८) ती गोष्ट उदयपूरला गेली. रीतसर सांगून नेली, त्यात लपवाछपवी नाही. पण मला तो सदरा कुठेच बसलेला दिसला नाही. आर्चीच्या तोंडची भाषा गेली तशी गोष्टीतली धारही गेली. इथे कोणी चोर नाही, शिंपी कमी पडला.

मग चोरी कशाला म्हणायचं? नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त कवींमधल्या सारखेपणाचे तीन प्रकार सांगितले: आरशातल्या प्रतिबिंबासारखं, काढलेल्या चित्रासारखं, आणि दोन वेगळ्या माणसांचे चेहरे सारखे असावेत तसं. पहिली दोन टाळा, तिसऱ्याला हरकत नाही, असं त्याचं म्हणणं. चेहरे जुळले तरी जीव दोन आहेत. त्यानंतर थोड्याच काळाने राजशेखर ‘काव्यमीमांसे’त जास्त रोखठोक बोलला: चोर नसलेला कवी नाही, चोर नसलेला वाणी नाही, ज्याला लपवता येतं तो निंदेशिवाय सुखात राहतो.

त्याचं ‘लपवणं’ आपल्या ‘ढापणे’त आहे असं मला वाटतं. हिंदीत ‘ढाँपना’ म्हणजे झाकणं, आणि आपल्याकडे बैलाच्या डोळ्यांवर बांधतात ते ढापण. ढापलेली वस्तू आधी झाकावी लागते. माझ्यापुरता फरक इथे पक्का होतो. ‘बीवी और मकान’चं नाव घेऊन केलं तर बेतलं, प्रसंगामागून प्रसंग तसेच उतरवून वर ‘कथा’ म्हणून स्वतःचं नाव लावलं, तर ते कितीही अंगावर बसो, ढापलंच. ‘उसनं’ या शब्दातही हा व्यवहार आहे. उसनं आणलेलं परत करायचं असतं, नाहीतर ते उसनं राहत नाही. कथानक परत करता येत नाही, तेव्हा पडद्यावर मूळ लेखकाचं नाव देणं हीच त्याची परतफेड, आणि त्या पाटीला आपण ऋणनिर्देश म्हणतो ते उगीच नाही.

तर तुमच्या वाक्याला माझं उत्तर असं की ‘हिंदी चित्रपटावर बेतलेला अस्सल मराठी चित्रपट’ हे वाक्य बिनचूक आहे. ‘स्वतंत्र’ म्हणालात तर मात्र चूक.

आणखी एक बारीक गोष्ट, प्रश्नात नव्हती पण याच संदर्भात हल्ली वारंवार दिसते. हिंदीवरून उतरवलेल्या मजकुरात ‘मौलिक कथा’ येऊ लागली आहे. हिंदीत मौलिक म्हणजे दुसऱ्या कशावरून न घेतलेलं. मराठीत आपण मौलिक सल्ला देतो, मौलिक मार्गदर्शन घेतो, म्हणजे मोलाचं. मराठी वाचक ‘मौलिक कथा’ वाचून ती मोलाची आहे असं समजणार. तिथे ‘स्वतंत्र कथा’ लिहावं.